घरच्या कॉम्प्युटरचं विलगीकरण

शनिवार, ७

आज घरात साथ शिरली. माणसांची नाही, कॉम्प्युटरची.

सकाळी चहाचा कप घेऊन मी रोजच्यासारखं आमच्या बॅचचं पान उघडलं होतं. नर्सिंग शाळेतल्या आम्हा जुन्या मुलींची एक वेबसाइट आहे. कुणाला नातवंडं झाली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोण गेली, सगळं तिथे कळतं. एकीच्या जावयाने हौसेने करून दिलीय. फोटो एकामागून एक सरकत होते आणि मध्येच खण्णकन आवाज होऊन लाल चौकट आली. 'सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ४७ व्हायरस सापडले आहेत. साफ करण्यासाठी इथे दाबा.'

सत्तेचाळीस! एकतीस वर्षं संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काढली, पण एका पेशंटमध्ये सत्तेचाळीस जंतू मी कधी पाहिले नाहीत. अर्थात मी काही दाबलं नाही. अनोळखी माणसाने दिलेलं औषध कुणी घेतं का? सरळ प्लग काढला.

वन्संना हाक मारली. वन्सं म्हणजे माझी नणंद. हे जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्या चोपन्नच्या, मी बासष्टची. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुस्तकांच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची, ती त्या करतात. काम त्या कॉम्प्युटरवरच चालतं. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास त्या तिथे असतात आणि मी जेमतेम अर्धा तास.

वन्सं म्हणाल्या, "मघाशी तुम्ही काय बघत होतात?"

मी म्हटलं, "त्याला काही अर्थ नाही. लक्षणं दिसतात तेव्हा लागण होऊन आठ-दहा दिवस गेलेले असतात. आज काय पाहिलं ते सोडा, गेल्या पंधरवड्यात कोण कुठे गेलं होतं ते शोधायला हवं."

कांजिण्या असोत की कावीळ, हा नियम कधी चुकत नाही. उद्यापासून रजिस्टर सुरू करते.

रविवार, ८

रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, कोण, कुठली साइट, किती मिनिटं, लक्षणं. पेन दोऱ्याने बांधून टेबलाला लटकवलं, नाहीतर या घरात पेन म्हणून जाग्यावर सापडेल तर शपथ. माझं बॅचचं पान त्यात लिहीत नाही. ते घरचंच आहे, स्टाफची वॉर्डात येताना कुणी सही घेत नाही.

मग वन्संची चौकशी.

"गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे गेला होतात?"

"पोस्टात. आणि प्रेसमध्ये दोनदा."

"तसं नव्हे हो! कॉम्प्युटरवर."

शब्दकोश, लायब्ररीची यादी, प्रकाशकाची पत्रं. मग जरा थांबून, टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत त्या म्हणाल्या, "आणि बुद्धिबळ."

"म्हणजे गेमची साइट!" मी ते लाल शाईने लिहिलं. आमचा एक शेजारी सांगत असतो, निम्मे व्हायरस गेमच्या साइटवरून येतात.

हळूहळू करून सगळं काढून घेतलं. चार वर्षं झाली, त्या एकाच माणसाशी खेळतात. एकेक खेळी करायला पाच दिवसांची मुदत असते, पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला ती संपते. मुदतीत खेळी झाली नाही तर डाव आपोआप बंद पडतो. सोबत दोन ओळींचा निरोप लिहिता येतो. समोरच्याने स्वतःचं टोपणनाव 'सावकाश' ठेवलंय. कुठल्याशा पुलावर नदीची पातळी मोजणं हे त्यांचं काम. दिवसातून तीनदा आकडा घ्यायचा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून वर कळवायचा. त्याच कॉम्प्युटरवरून ते खेळतात.

"आणि खरं नाव?"

"विचारलं नाही कधी."

"चार वर्षांत?"

"त्यांनीही माझं विचारलं नाही."

कर्म माझं! मी पेशंटचं नाव, गाव आणि वय विचारल्याशिवाय थर्मामीटरसुद्धा लावत नसे. तेवढ्यात वन्सं स्वतःशीच हसल्या. इतकं छान हसताना मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. लक्षणांच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना.

मंगळवार, १०

आज परत तसंच. बॅचच्या पानावर एकीच्या नातीच्या बारशाचे सत्तर फोटो आलेत, सगळे सारखेच. ते पाहून होतायत तोवर लाल चौकट. व्हायरस ४७ वरून ६३ वर गेलेत. कॉम्प्युटर इतका मंद झालाय की एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत भाजी चिरून होते.

रजिस्टर पाहिलं. काल दुपारी वन्सं बुद्धिबळावर बावीस मिनिटं होत्या. एका खेळीला बावीस मिनिटं! नक्की तिथूनच येतंय.

माउस आणि कळफलक स्पिरिटने पुसून काढले. वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, असा जाणार आहे का तो?"

"जाणार नाही. पण स्वच्छतेने कुणाचं नुकसान झालेलं मी ऐकलं नाही."

त्यावर त्या पदर तोंडाशी धरून हसत आत गेल्या. हसू देत.

बुधवार, ११

वन्सं सकाळी आंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या बुद्धिबळाच्या साइटची तपासणी केली. पासवर्ड लागला नाही, ती उघडीच होती. पट, सोंगट्या, आणि खाली आज सकाळी आलेला निरोप. नोंद म्हणून जसाच्या तसा उतरवते:

'माझी खेळी केली आहे. यापुढे मला फक्त पटावर भेटायचं नाही. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर पुढची खेळी करा, मी पत्ता कळवीन. वाटत नसेल तर काही लिहू नका. सोमवारी संध्याकाळी सहाला मुदत संपेल आणि मी समजून घेईन. पुन्हा त्रास देणार नाही.'

डाव सोडण्याविषयीचं काहीतरी असावं. त्यांच्या खेळातल्या रीतीभाती मला कळत नाहीत.

मग मी निर्णय घेतला. कॉम्प्युटरचं विलगीकरण. नेटची वायर काढून गुंडाळली आणि माझ्या कपाटात ठेवली. कॉम्प्युटरवर चादर घातली. आज बुधवार, म्हणजे पुढचा बुधवार उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सात दिवस हा कमीत कमी काळ असतो.

वन्सं केस पुसत आल्या. चादर पाहून जागच्या जागी थांबल्या.

"वहिनी, मला आज एक... मला एक खेळी करायची होती."

"आज नाही. सात दिवस."

"सात? पाच दिवसांत नाही केली तर डाव जाईल."

"डाव दुसरा मांडता येईल. आणि वन्सं, एक लक्षात घ्या, इथून तुम्ही त्यांना काही पाठवलंत तर लागण त्यांच्या कॉम्प्युटरला होईल. त्यावरूनच नदीचे आकडे जातात ना?"

हे मी अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हटलं. तो आवाज ऐकला की नातेवाईक मुकाट्याने बाकावर जाऊन बसत. वन्संचा चेहरा उतरला. "हे मला सुचलंच नाही," म्हणाल्या. खोलीत जाऊन सूचीची कार्डं हाताने लावत बसल्या.

काम म्हणून जे करायला हवं ते केलं. पण दुपारी झोप लागली नाही. उकाडा असेल.

गुरुवार, १२

वन्सं जेवताना म्हणाल्या, "समजा लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून मी फक्त एक खेळी केली तर?"

"पासवर्ड तोच वापरणार ना?"

"तोच."

"मग तुम्ही वाहक झालात. टायफॉइडचे असतात तसे. त्यांना स्वतःला काही होत नाही, खडखडीत असतात. जिथे जातील तिथे मात्र लागण."

"त्यांच्याकडे पाणी चढतंय सध्या," वन्सं म्हणाल्या. "परवाच लिहिलं होतं त्यांनी. खालच्या वस्तीला त्यांच्या आकड्यांवरून सूचना देतात. माझ्यामुळे तो कॉम्प्युटर बंद पडला तर..."

"म्हणून तर म्हणते."

"बरं." एवढंच म्हणून त्यांनी ताट उचललं. अर्धं तसंच होतं.

मी जे बोलले ते बरोबर की चूक, हे मला स्वतःलाच नक्की माहीत नाही. कॉम्प्युटरचं शास्त्र मी शिकलेले नाही. पण काळजी घेतलेली बरी.

शनिवार, १४

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा गृहस्थ आहे, पोट सुटलंय, दोन मजले चढून धापा टाकत आला. मला पाहिलं आणि दारातच अटेन्शनमध्ये उभा राहिला. "सिस्टर, तुम्ही?" नऊ वर्षांचा असताना घटसर्प होऊन माझ्याच वॉर्डात होता. मला आठवला नाही, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी त्याचं बिस्किट जप्त केलं होतं. केलं असेल.

वन्सं प्रूफं द्यायला प्रेसमध्ये गेल्या होत्या. त्याने चादर काढली आणि हसू दाबलं ते मला दिसलं. अडीच तास बसला. त्याचं म्हणणं असं की लाल चौकट हाच मुळात व्हायरसचा बनाव आहे. सत्तेचाळीस वगैरे सगळं झूट. माणूस घाबरून दाबतो आणि मग खरा व्हायरस आत येतो. "पण तुम्ही दाबलं नाहीत, तरी थोडं शिरलंय. तुमचं ब्राउझर चार वर्षांपूर्वीचं आहे, अँटिव्हायरसही तेव्हापासून अपडेट केलेला नाही. हे म्हणजे जुन्या साथीची लस घेऊन नव्या साथीत फिरणं झालं." माझ्याशी बोलताना बिचारा माझ्या भाषेत बोलायचा प्रयत्न करत होता.

त्याने साफसफाई केली, सगळं नवं घातलं. वन्संच्या सूच्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दिली, ती कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका म्हणाला.

मी विचारलं, "त्या बुद्धिबळाच्या साइटवरून आलं ना?"

"ती साइट मी पाहिली. साधी आहे, जाहिरातसुद्धा नाही. कुठून आलं ते बघायला मी नोंदी घेऊन जातो, सोमवारी फोन करतो."

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "या कॉम्प्युटरवरून तिथे खेळी केली, तर समोरच्या माणसाला लागण होईल?"

"छे हो सिस्टर! खेळी म्हणजे काय, 'हे प्यादं तिथे ठेव' एवढंच तर जातं. त्यातून काय लागण होणार? आत्ताच वायर जोडून देऊ का?"

"नको. सात दिवस होऊ देत."

"पण गरजच नाही."

"सात दिवस म्हटलं ना मी."

त्याने आपली पिशवी आवरली. वन्सं परत आल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाला दुरुस्तीवाला? मी म्हटलं, काम चाललंय. खोटं नव्हतं. सोमवारी त्याचा फोन यायचाच आहे.

चादर परत घातली.

सोमवार, १६

साडेदहाला फोन आला. साथीचं मूळ सापडलं. आमच्या बॅचची वेबसाइट. कुणीतरी तिच्यात घुसून फोटोंच्या पानात कीड लावून ठेवलीय. नुसतं पान उघडलं तरी पुरतं. जावयाला पत्ताच नाही. "साइट ओळखीची असली म्हणून ती स्वच्छ असते असं नाही सिस्टर. आणि लागण तत्क्षणी होते, आठ-दहा दिवस वगैरे काही नसतं," असं म्हणाला.

म्हणजे मीच. रोज सकाळी चहाबरोबर मीच.

आज सगळ्या खोल्यांचे पडदे धुतले. दारांचे आणि खिडक्यांचे मिळून चौदा. दोन वेळा पिळले. मग जाळ्या घासल्या. वन्सं खुर्चीत पुस्तक घेऊन बसल्या होत्या, पान उलटत नव्हत्या. सहाला शेवटचा पडदा वाळत घातला.

मंगळवार, १७

सकाळी वन्संनीच चहा केला. माझा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काल डाव संपला."

मी चमच्याने चहा ढवळत राहिले.

"वहिनी, खरं सांगू? शुक्रवारी मी लायब्ररीच्या दारापर्यंत गेले होते. पायरी चढले आणि तुमचं आठवलं. परत फिरले. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून. नाहीतर माझ्या हौसेपायी तिकडे कुणाच्या घरात पाणी शिरलं असतं. उपकारच झाले तुमचे."

उपकार! एकतीस वर्षांत कितीतरी लोकांनी मला आशीर्वाद दिले, पाया पडले. असं अंगावर कधी काही आलं नव्हतं.

मी सांगून टाकलं. सगळं. साथ माझ्याच साइटवरून आली. खेळी केल्याने कुणाला काही झालं नसतं. आणि हे दुसरं मला शनिवारपासून माहीत होतं.

वन्संनी स्वतःचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या साइटवरून आलं, ते कधी कळलं?"

"काल. साडेदहाला."

"सकाळी?"

"हो."

"म्हणजे साडेदहापासून सहापर्यंत तुम्ही पडदे धुतलेत."

"हो."

त्या उठल्या. स्वतःचा कप धुतला, पालथा घातला, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता इथे तरी खरं लिहिते. बुधवारी मी लिहिलं की तो निरोप डाव सोडण्याविषयीचा असावा. खोटं लिहिलं. पहिल्याच वाचनात मला कळलं होतं, अगदी लख्ख. एकतीस वर्षं केस पेपर लिहिले, खोटी नोंद एकदाही केली नाही, आणि केली ती माझ्या स्वतःच्या वहीत. सात दिवस सांगितले कारण मुदत पाचाची होती.

रविवार, २२

पाच दिवस घरात कामापुरतं बोलणं. "दूध आलंय." "फोन तुमचा आहे." बस्स. वायर मी मंगळवारीच जोडून दिली. वन्संनी साइट उघडली तेव्हा डाव पुसला गेला होता. 'सावकाश' हे नावच त्या साइटवर उरलेलं नाही. त्यांनी ते काढून टाकलं होतं. त्रास देणार नाही म्हणाले, आणि दिला नाही.

या मधल्या दिवसांत मी आमच्या बॅचच्या सगळ्या मुलींना फोन केले. बासष्ट-पासष्टच्या त्रेपन्न मुली. पान उघडू नका, ब्राउझर अपडेट करा, लाल चौकट दिसली तर काही दाबू नका. जावई आधी रुसला, मग त्याने साइट बंद करून साफ करायला घेतली. तेवढंच हाताला काम.

आज दुपारी मात्र मला राहवेना. वन्सं कार्डं लावत होत्या. समोर जाऊन बसले.

"वन्सं, मला भीती वाटली."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कसली?"

"तुम्ही जाल म्हणून. त्यांचा निरोप मी बुधवारीच वाचला होता. मी या घरात एकटी पडेन म्हणून. मला एकटीला राहता येत नाही हो. वॉर्डात चाळीस खाटा असायच्या, घरी हे असायचे, मग तुम्ही. मी कधी एकटी राहिलेलीच नाही."

आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. वन्संनी कार्डांचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"हे तुम्ही मला बुधवारी सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर?"

"मी भांडले असते. खूप भांडले असते. मग दोघींनी बसून काहीतरी ठरवलं असतं. तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत, वहिनी. चोपन्न वर्षांच्या बाईला तुम्ही पेशंट करून टाकलंत."

एकेक शब्द खरा होता. मी विचारलं, "त्यांना शोधू का? तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर विषय बंद."

त्यांनी समोरची कार्डं एकेक करून सारखी केली. मग म्हणाल्या, "शोधा."

सोमवार, २३

संपर्कातला माणूस शोधून काढणं, हे काम मला येतं. वन्संना समोर बसवून विचारत गेले. पूल कसला? लोखंडी, जुना, रेल्वेचा नव्हे. आकडे किती वाजता? सहा, दोन आणि सहा. खिडकीतून काय दिसतं? भोंगा ऐकू येतो का? किती वर्षांची नोकरी? वन्संना बारीकसारीक सगळं पाठ होतं. बदकं कुठे अंडी घालतात तेसुद्धा. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने नदीखात्याच्या वेबसाइटवरून पातळी मोजण्याच्या ठिकाणांची यादी छापून दिली. लोखंडी पूल असलेली अकरा निघाली. अकराही ठिकाणी हाताने पत्र लिहिलं, मजकूर एकच. पाकिटं बंद करण्याआधी वन्संना वाचायला दिलं. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. मजकूर असा:

'महोदय, आपण बुद्धिबळ खेळत नसाल तर हे पत्र फाडून टाकावं. खेळत असाल आणि साइटवर आपलं नाव "सावकाश" असेल, तर आपल्याला हे कळवायचं आहे की गेल्या सोमवारी सहापर्यंत खेळी झाली नाही त्याला कारण मी आहे. आपण ज्यांच्याशी खेळत होतात त्यांची मी वहिनी, निवृत्त सिस्टर. घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता, तो माझ्यामुळे. त्यांनी खेळी केली तर आपल्या कॉम्प्युटरला लागण होईल असं मी त्यांना सांगितलं. ते खोटं होतं आणि खोटं आहे हे कळल्यावरही मी गप्प बसले. आपल्या नदीच्या काळजीने त्या थांबल्या. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत नाही, ते आपण त्यांनाच विचारावं. खाली घरचा फोन नंबर आणि पत्ता दिला आहे. कॉम्प्युटर आता बरा आहे.'

पोस्टाच्या पेटीत एकेक पाकीट टाकताना हात थांबत होता, ते लिहून ठेवते. अकरावं टाकलं आणि परत आले.

शनिवार, ५

बारा दिवसांत दोनच उत्तरं आली होती. एकाने लिहिलं, मी पत्ते खेळतो. दुसऱ्याने पूर्ण सहानुभूती कळवली आणि खाली शिक्का मारला. वन्सं रोज माझ्याआधी टपाल बघत होत्या. आम्ही परत एकत्र जेवायला लागलोय, जरा बरं चाललंय. बुधवारी दाराला कुलूप कुणी लावायचं यावरून त्या माझ्याशी कडाकडा भांडल्यासुद्धा.

आज दुपारी चार वाजता फोन वाजला. वन्सं आत इस्त्री करत होत्या. मी उचलला.

"सिस्टरबाई का?" पुरुषाचा आवाज. दोन शब्दांच्या मध्ये एक चहा पिऊन होईल इतका सावकाश.

"हो."

"पत्र मिळालं. पूर होता, पोस्ट बंद होती आमच्याकडे. म्हणून उशीर झाला." मग म्हणाले, "कॉम्प्युटर बरा आहे ना?"

"बरा आहे."

"त्या... घरी आहेत का?"

मी नुसतं 'चुकीचा नंबर' म्हणू शकले असते. मनात येऊन गेलं, क्षणभरच. मी हाक मारली, "वन्सं! तुमचा फोन आहे."

"प्रेसमधून का?"

"नाही. नदीवरून."

इस्त्री ठेवल्याचा आवाज आला. त्या आल्या, पदराला हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी. रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि मी स्वयंपाकघरात गेले. दार लावून घेतलं. तरीही आवाज आत येतोय असं वाटलं, म्हणून नळ मोठा सोडला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. घासायला एकही भांडं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडून वन्संनीच नळ बंद केला. चेहरा लाल झाला होता, डोळे पाणावलेले.

"वहिनी, पुढच्या रविवारी येतायत ते. पाणी उतरलं की." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही असाल ना घरी?"

मी म्हटलं, "मी कुठे जाणार आहे?"

मग दोघींनाही एकदम आठवलं, आत इस्त्री चालूच राहिली होती.